चूक दहा मिनिटांपूर्वीची

'खेळघर' : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेल्या निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर एकच आहे : मारधाडीचे खेळ जमतात, डावपेचांच्या खेळात मात्र हार खावी लागते. त्यामुळे पहिल्या पत्राला जरा जास्त जागा देतो.

प्रश्न : मी वीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला आहे. चार वर्षं व्हॅलोरंट हा गोळीबाराचा खेळ खेळतोय आणि रँक डायमंड आहे. नजर तेज आहे, हात फास्ट आहे. रूममेटच्या नादाने 'एज ऑफ एम्पायर्स २' हा गाव वसवून सैन्य उभारायचा डावपेचांचा खेळ घेतला आणि कॉम्प्युटरच्या 'मॉडरेट' लेव्हलशी सलग अकरा वेळा हरलो. दर वेळी तेच होतं. वीस-बावीस मिनिटांनी घोडेस्वार येतात, तेव्हा माझ्याकडे चार भालेवाले असतात. मी जीव तोडून लढतो, पण उपयोग होत नाही. हा खेळ वेगळ्या डोक्याच्या माणसांसाठी असतो का?
— एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर : भावा, तुझा अकरा हा आकडा वाचला आणि कपाटातून २०२० सालची वही काढली. त्या खेळात माझा पहिला विजय पंधराव्या मॅचला आहे. त्याआधीच्या चौदा ओळींपुढे 'हार' लिहिलंय, आणि पहिल्या सात-आठ ओळींत कारण म्हणून 'सैन्य कमी पडलं' एवढंच. तुझ्या पत्रातही तेच कारण आहे.

मी कोल्हापूरचा. २००४ मध्ये राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायला शिकलो. आम्ही आठ-दहा पोरं, आणि मॅप बहुतेक वेळा डस्ट टू. लांबच्या दारातून कोण येणार, पावलांचा आवाज कुठल्या बोळातून येतोय, एके-४७ ची पहिली गोळी सुटल्यावर माउस किती खाली ओढायचा, हे सगळं हातात बसलं होतं. त्या खेळाचा एक मोठा गुण असा की तो चूक लगेच दाखवतो. कोपऱ्यावरून डोकं जास्त बाहेर काढलं की मेलास. काय चुकलं ते मरता मरताच कळतं आणि पुढच्या राउंडला तू ते करत नाहीस. चूक आणि शिक्षा यांच्यात अर्धा सेकंदही नसतो. तू चार वर्षं याच शाळेत शिकलायस, मी तर पंधरा वर्षं शिकलो.

एज ऑफ एम्पायर्समध्ये शिक्षा बाविसाव्या मिनिटाला मिळते आणि चूक सातव्या मिनिटाला झालेली असते. आपण बाविसाव्या मिनिटाकडे बघत बसतो. तुझं सगळं अडलंय ते इथे.

मला हे कळलं ते दाजींमुळे. माझे दाजी पुण्यात असतात. कॉलेजच्या होस्टेलवर असताना, २००० च्या आसपास, ते याच खेळाची मूळ आवृत्ती खेळायचे. ती १९९९ ची. मी खेळतो ती 'डेफिनिटिव्ह एडिशन' नोव्हेंबर २०१९ मध्ये आली. लॉकडाऊनमध्ये दोघंही घरीच होतो. नवव्या हारीनंतर मी फोनवर वैतागलो, तर दाजी म्हणाले, "लढाई नको सांगू मला. रेकॉर्डिंग लाव आणि पहिली दहा मिनिटं बघ. फक्त टाउन सेंटरकडे बघ, दुसरीकडे बघायचंच नाही."

खेळ संपला की मॅच पुन्हा बघता येते, हे मला माहीत होतं. पण आपल्या हारीत बघण्यासारखं काय असणार, म्हणून कधी लावली नव्हती. लावली तेव्हा दिसलं ते असं. सहा मिनिटं पन्नास सेकंदांना माझी लोकसंख्या घरांच्या मर्यादेला टेकली. या खेळात एका घरात पाच माणसं मावतात. घर नसेल तर टाउन सेंटरमध्ये, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीत, नवा व्हिलेजर, म्हणजे काम करणारा गावकरी, जन्माला येत नाही. याला खेळाडू 'हाऊस्ड होणं' म्हणतात. वर लाल आकडा लुकलुकत होता, आणि मी त्या वेळी काय करत होतो? माझा स्काउट, म्हणजे टेहळणीचा घोडेस्वार, शत्रूच्या गावात नेऊन त्याच्या लाकूडतोड्यांना मारत होतो. छान मारत होतो, माउस सुंदर चालत होता. टाउन सेंटर मात्र दोन मिनिटं दहा सेकंद रिकामं उभं होतं, आणि शेवटी त्यांच्या टाउन सेंटरचे बाण लागून घोडाही मेला.

आता हिशेब कर. एक व्हिलेजर तयार व्हायला २५ सेकंद लागतात. २ मिनिटं १० सेकंद म्हणजे पाच व्हिलेजर जन्मलेच नाहीत. एक व्हिलेजर मिनिटाला साधारण वीसएक अन्न गोळा करतो, सोन्यावरचा त्याहून थोडं जास्त. पाच जणांनी पंधरा मिनिटांत दीड हजाराच्या आसपास माल आणला असता. एका नाइटला, म्हणजे चिलखती घोडेस्वाराला, ६० अन्न आणि ७५ सोनं लागतं, म्हणजे एकूण १३५. चालण्या-फिरण्यातला वेळ वजा केला तरी आठ-नऊ नाइट होतात. बाविसाव्या मिनिटाला माझ्यावर चालून आले ते नऊच होते. मी ते नऊ मोजले आणि खुर्चीत मागे टेकलो. लढाईत मी हरलोच नव्हतो. एक घर बांधायचं राहिलं होतं.

माझं पोटापाण्याचं काम शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, सीएनसी मशीनवर. आमच्याकडे फौंड्रीतून ओतीव माल येतो. वरून ठणठणीत दिसतो. मशीनवर पहिला कट घेतला की आतलं भोक, ब्लोहोल, उघडं पडतं. नवा पोरगा म्हणतो टूल खराब आहे. जुना माणूस म्हणतो आदल्या दिवशी साच्याच्या वाळूत ओल जास्त होती. रोज डोळ्यांनी बघत होतो हे, आणि तरी खेळात मला दाजींनी सांगावं लागलं.

तेव्हा आता काय करायचं ते सांगतो. पुढचे आठ दिवस जिंकायचंच नाही. पहिली दहा मिनिटंच खेळ आणि मॅच सोडून दे. सुरुवातीला तुझ्याकडे तीन व्हिलेजर, एक स्काउट, २०० अन्न आणि २०० लाकूड असतं. व्हिलेजरला ५० अन्न लागतं, म्हणजे चार व्हिलेजर लगेच रांगेत लाव. लोकसंख्या चार आहे आणि टाउन सेंटरची मर्यादा पाच, म्हणून पहिल्याच सेकंदाला घरं बांधायला घे, एकाऐवजी दोन. स्काउटने आधी आपल्याच मेंढ्या शोधायच्या, त्या आठ असतात. मेंढ्या टाउन सेंटरला खेटून आणायच्या आणि एका वेळी एकच मारायची, कारण मारलेल्या मेंढीचं मांस पडून राहिलं की सडत कमी होतं. मी पहिल्या महिन्यात तीन-तीन मेंढ्या एकदम मारायचो.

मग रानडुक्कर. इथे तुझा हात उपयोगी पडेल. एका डुकरात ३४० अन्न असतं, मेंढीत १००. एका व्हिलेजरने बाण मारून त्याला चिडवायचं, ते मागे लागलं की पळत टाउन सेंटरपाशी आणायचं आणि तिथे मेंढ्यांवरच्या बाकीच्यांनी त्याला गाठायचं. ज्याची नजर आणि वेळ साधण्याची सवय पक्की आहे, त्याला हे दुसऱ्या दिवशी जमतं. बाकीच्यांचे व्हिलेजर आठवडाभर मरतात.

दहाव्या मिनिटाच्या आत फ्यूडल एजसाठी, म्हणजे खेळातल्या पुढच्या युगात जाण्यासाठी, क्लिक झालं पाहिजे. त्याला ५०० अन्न लागतं. लोकसंख्या वीस-बावीस असावी. खेळातच 'आर्ट ऑफ वॉर' नावाचे सराव आहेत, त्यातला सुरुवातीच्या अर्थव्यवस्थेचा सराव कर. ब्राँझ मिळालं तरी पुढे जा. एच बटण टाउन सेंटरला नेतं, पूर्णविरामाचं बटण रिकाम्या व्हिलेजरकडे. ही दोन बोटांत बसव. व्हॅलोरंटमध्ये तू रीलोड जसं न बघता करतोस, तसं दर वीस सेकंदांनी एच दाबायचं. लढाई चालू असताना तर नक्की.

आणि 'वेगळ्या डोक्याची माणसं' हे मनातून काढून टाक. पिस्तूल राउंड हरल्यावर तुमची टीम काय करते? पुढच्या राउंडला खरेदी न करता पैसे साठवते, म्हणजे तिसऱ्या राउंडला सगळ्यांना २९०० ची व्हँडल बंदूक घेता येते. आजचा राउंड परवाच्या राउंडसाठी सोडून देणं म्हणजेच डावपेच. असा पैसे वाचवायचा इको राउंड तू चार वर्षं खेळतोयस. इथे तीच गोष्ट सलग चाळीस मिनिटं करायची आहे.

नाइट येतील तेव्हा भालेवाले हवेत हे तू बरोबर ओळखलंस. भालेवाल्याला ३५ अन्न आणि २५ लाकूड लागतं, सोनं अजिबात नाही. तुझी निवड चुकलेली नाही, संख्या चुकली आहे. संख्या का चुकली ते तुझ्याच रेकॉर्डिंगमध्ये आहे. सापडलं की मला कळव.

प्रश्न : गेले चार-पाच अंक तुम्ही फक्त डावपेचांच्या खेळांबद्दल लिहिताय. ॲक्शन गेम सोडले का? चाळिशीनंतर हात मंदावतो म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : सोडले नाहीत आणि सोडणारही नाही. या रविवारी पहाटे साडेपाचला उठून, घरातले झोपलेले असताना, हेडफोन लावून मी 'सेकिरो' खेळलो. सातला चहा घेतला तेव्हा हातांना घाम होता आणि मन इतकं स्वच्छ की बायकोने विचारलं, देवळात जाऊन आलात का?

२०१९ चा हा जपानी खेळ चाळिशीतल्या माणसाने खेळावाच असं माझं मत आहे. यात शत्रूचं रक्त कमी करण्यापेक्षा त्याचा तोल मोडणं महत्त्वाचं. तो वार करतो, त्याच क्षणी तुम्ही तलवार आडवी धरायची. क्षण साधला तर ठिणगी उडते, एक कोरा, घंटेसारखा आवाज होतो आणि त्याचा तोल ढळतो. क्षण हुकला तर तुमचा ढळतो. मागे सरलात की त्याला सावरायला वेळ मिळतो. म्हणजे भीती वाटली तरी पुढेच राहायचं. किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो नावाचा सरदार भेटतो. त्याच्याशी मी तीन आठवडे लढलो. पहिला आठवडा त्याच्या तलवारीकडे बघत होतो आणि मार खात होतो. मग डोळे मिटून आवाज ऐकायला लागलो. त्याच्या वारांना एक ठेका आहे. लहानपणी गल्लीत लेझीम खेळताना पायांना जसा ठेका सापडायचा, तसा तो सापडला, आणि मग हात आपोआप चालला.

हात मंदावतो का? वीस वर्षांच्या पोराइतका चटकन माझा हात उठत नाही, हे मला दिसतं. पण सेकिरोत तो वार येण्याआधी माहीत असतो, आणि माहीत असलेल्या वाराला चटकन उठावं लागत नाही.

मला या खेळांचं वेड लागलं ते १९९५ च्या उन्हाळ्यात, मामाच्या घरी. टीव्हीला जोडायचा गेम होता आणि कॅसेट होती 'कॉन्ट्रा'ची. तीन जीव मिळायचे. मामेभाऊ आणि मी शेजारी शेजारी, एकाच सतरंजीवर. धबधब्याच्या लेव्हलला वर चढताना एक जण पुढे गेला की पडदा सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. त्यामुळे आम्ही "थांब, थांब, आलो" असं ओरडत चढायचो. त्याच्या वर्गातल्या कुणीतरी तीस जीवांची युक्ती आणली, वर वर खाली खाली डावीकडे उजवीकडे डावीकडे उजवीकडे बी ए, आणि त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा शेवट बघितला. तो मामेभाऊ आता जर्मनीत आहे. आजही फोन ठेवताना आम्ही "थांब, आलो" म्हणतो.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. तो म्हणतो, "आई, स्ट्रॅटेजी गेमनं बुद्धी वाढते, हा अभ्यासच आहे." आणि जेवायला हाक मारली की "पॉज होत नाही!" असं ओरडतो. यातलं किती खरं?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, दुसरं वाक्य आधी घेतो, कारण भांडण त्यावरून होतंय. ते बऱ्याचदा खरं असतं. ऑनलाइन मॅच चालू असेल तर समोर दुसरी खरी माणसं असतात. मध्येच उठलं तर त्याच्या बाजूची चार मुलं उघडी पडतात, आणि वारंवार उठून गेलं तर खेळ शिक्षा म्हणून काही काळ बंदी घालतो. कॉम्प्युटरविरुद्ध खेळत असेल तर मात्र थांबवता येतं. म्हणून हाक मारण्याऐवजी मॅच सुरू व्हायच्या आधी विचारा : "किती वेळाची आहे, आणि समोर कोण आहे?" एज ऑफ एम्पायर्सची एक मॅच अर्धा-पाऊण तास सहज चालते. साडेआठला जेवण असेल तर आठला नवी मॅच सुरू करायची नाही, असा नियम करा. माझ्या घरी मुलीसाठी हाच नियम आहे आणि तो मीही पाळतो. खेळी-खेळीने चालणारे जे खेळ आहेत, म्हणजे आधी मी आणि मग तू, त्यांत थांबण्याची अडचणच नसते. 'सिव्हिलायझेशन' मांडून तो तासभर जेवून आला तरी शत्रू वाट बघत उभा असतो.

आता बुद्धीचं. २००३ मध्ये ग्रीन आणि बॅव्हेलिए या दोन संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक अभ्यास मांडला. न खेळणाऱ्या लोकांना दहा दिवस, रोज तासभर ॲक्शन गेम खेळायला लावला. टेट्रिस खेळणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचं नजरेचं लक्ष सुधारलं. २०१३ मध्ये 'स्टारक्राफ्ट' या डावपेचांच्या खेळावर असाच अभ्यास झाला. चाळीस तास खेळल्यावर एका विचारावरून दुसऱ्यावर पटकन जाण्याची क्षमता वाढलेली दिसली. हे आहे ते एवढंच. यातून बीजगणिताचे मार्क वाढतात असं कुणी दाखवलेलं नाही, आणि मुलाने ते तसं सांगू नये.

पण एक गोष्ट करून बघा. तो हरला की "चुकलं कुठे?" असं विचारा आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या. "समोरचा चीटिंग करतो" असं म्हणाला तर तो अजून नुसता खेळतोय. "मी सोन्यावर माणसं उशिरा पाठवली" असं म्हणाला तर तो शिकतोय. माझ्या मुलीने पहिल्यांदा दुसऱ्या प्रकारचं उत्तर दिलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला हाक मारून सांगितलं होतं.

प्रश्न : मोबाइलवरची रमी हाही डावपेचांचा, कौशल्याचाच खेळ आहे, असं मित्र म्हणतो. पैसे लावून खेळू का?
— पाटणहून

उत्तर : नको. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने केलेल्या कायद्यानुसार पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद आहेत. ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, कायद्याला फरक पडत नाही. ई-स्पोर्ट्सना त्याच कायद्याने वेगळी मान्यता दिली आहे. या सदरात पैशाच्या खेळाबद्दल मी एवढंच लिहीन.

प्रश्न : मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक, वय सदुसष्ट. पन्नास वर्षं बुद्धिबळ खेळतो आहे. नातू कॉम्प्युटरवरचे युद्धाचे खेळ दाखवतो. पटाची सवय असलेल्या माणसाला त्यात काही मिळेल का? माझ्याच्याने घाई होत नाही.
— सावंतवाडी

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. तुम्हाला एकाच खेळाचं नाव सांगतो : 'इनटू द ब्रीच'. २०१८ चा आहे. पट आठ बाय आठ घरांचा, तुमचीच चौसष्ट घरं. तुमच्या बाजूला तीन यंत्रमानव. जमिनीतून राक्षसी किडे वर येतात आणि तुम्ही शहरातल्या इमारती वाचवायच्या. एक लढाई साधारण पाच खेळ्यांची. घड्याळ नाही. एका खेळीवर अर्धा तास विचार करा, खेळ थांबून राहतो.

यात समोरचा आपली पुढची चाल आधी दाखवून ठेवतो. हा किडा या घरावर मारणार, तो त्या. सगळं पटावर मांडलेलं. मग तुम्ही त्याला मारण्याऐवजी एका घराने ढकलता आणि त्याचा वार त्याच्याच सोबत्यावर पडतो. नवा किडा जिथून वर येणार त्या भोकावर आपलं यंत्र उभं केलं तर तो येऊच शकत नाही, यंत्राला थोडी इजा मात्र होते. आणि ती इजा घेणं बहुतेक वेळा फायद्याचं असतं, कारण यंत्र लढाई संपल्यावर दुरुस्त होतं, इमारतीचं नुकसान मात्र पुढच्या लढायांत तुमच्यासोबत येतं. बुद्धिबळात प्यादं देऊन जागा मिळवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मला समजायला वीस तास लागले. गोळी घालायची सवय असलेला माणूस समोर किडा दिसला की मारतोच, मग मागे इमारत पडली तरी.

तुम्हाला अवघड जाईल ते दुसऱ्या जातीच्या खेळांत. बुद्धिबळात सगळं डोळ्यांसमोर असतं. एज ऑफ एम्पायर्स किंवा सिव्हिलायझेशनमध्ये पटाचा बराचसा भाग काळा, झाकलेला असतो. समोरच्याकडे किती हत्ती आहेत हे कुणीतरी जाऊन बघावं लागतं. म्हणून या खेळांत टेहळणीला एवढी किंमत. तुम्ही इतिहास शिकवलात, बहिर्जी नाईकांबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? पण मला त्यांचं काम खऱ्या अर्थाने कळलं ते या काळ्या नकाशापुढे बसल्यावर. दख्खनच्या मुलुखात नकाशाशिवाय, वाटा डोक्यात ठेवून बातमी आणणं म्हणजे काय असेल, ते वाचून माहीत होतं, पण असं जाणवलं नव्हतं.

नातवाकडे एज ऑफ एम्पायर्स असेल तर एप्रिल २०२२ मध्ये आलेला भारताचा भाग लावायला सांगा. त्यात राजेंद्र चोळाची मोहीम आहे. तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसा, माउस नातवाच्या हातात राहू दे. कुठे जायचं ते तुम्ही सांगा. घाईचं काम त्याचं, विचाराचं तुमचं. तपशिलात कुठे इतिहास वाकवलाय ते तुम्हाला दिसेलच. ते त्याला तिथल्या तिथे सांगा, तो ते विसरणार नाही.

प्रश्न : माझा लॅपटॉप जुना आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. फुकटात काही आहे का?
— चाळीसगाव

उत्तर : आहे, आणि उत्तम आहे. 'बॅटल फॉर वेस्नॉथ', २००३ पासून चालू असलेला, पूर्ण मोफत, खेळी-खेळीचा खेळ. जुन्या मशीनवरही चालतो. त्यात दिवस-रात्र फिरत राहते. काही सैनिक दिवसा पाव पट जास्त जोरात मारतात आणि रात्री तेवढेच कमी, काहींचं उलट. त्यामुळे संध्याकाळ झाली की कधी कधी जिंकत असलेली लढाईसुद्धा सोडून मागे सरावं लागतं. मारधाडीतून आलेल्या माणसाला मागे सरायला शिकवणारा यापेक्षा चांगला खेळ मला माहीत नाही. दुसरा '० ए.डी.', तोही मोफत, एज ऑफ एम्पायर्सच्या वळणाचा, आणि त्यात मौर्यांचं सैन्य आहे. तो मात्र जुन्या लॅपटॉपवर मोठ्या लढाईत अडखळतो. नकाशा लहान घ्या.

प्रश्न : तुम्ही वही ठेवता असं दोनदा लिहिलंत. नक्की काय लिहिता? एक पान छापाल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : छापतो. गेल्या शनिवारचं एज ऑफ एम्पायर्सचं पान, जसंच्या तसं (स्कर्मिशर म्हणजे तिरंदाजांवर सोडायचे भालाफेके) :

मॅप अरेबिया. मी फ्रँक्स, दाजी ब्रिटन्स.

०:०० चार व्हिलेजर रांगेत, दोन घरं. ठीक.

२:५० सहाच मेंढ्या मिळाल्या. घोडा दक्षिणेला नेला, उरलेल्या दोन पूर्वेला होत्या.

५:१५ पहिलं डुक्कर आणलं. व्हिलेजर वाचला.

६:३० घर राहिलं. टाउन सेंटर २० सेकंद रिकामं. (मागच्या शनिवारी ३५ होते.)

८:४० फ्यूडलला क्लिक.

१०:५० फ्यूडल. तबेला.

१६:०० दाजींचे दहा तिरंदाज माझ्या लाकडापाशी. माझे स्कर्मिशर तीन. सात व्हिलेजर गेले.

३१:०० हार.

कारण : आधी वाटलं ६:३०. रेकॉर्डिंग दोनदा बघितलं. ते नाही. ११:०० ला घोडा मोकळा होता, तो दाजींच्या सोन्याकडे नेला असता तर सोन्यावर आठ माणसं दिसली असती. एवढं सोनं म्हणजे तिरंदाज. पाच मिनिटं आधी कळलं असतं.

पुढच्या शनिवारी : ११:०० ला घोडा त्यांच्या सोन्याकडे.